दोन डॉक्टर, एकच आकडा



दिल्लीच्या उत्तरेकडे रिजच्या टेकडीवर जायचं असेल, तर रिक्षावाल्याला 'हिंदूराव' एवढंच सांगावं. तो थेट इस्पितळाच्या फाटकाशी आणून सोडतो. हे हिंदूराव आपले मराठी. कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातले सरदार, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला आणि पुढे त्याची इथली कोठी हिंदूरावांकडे आली. १८५७च्या लढाईत तिनं तोफगोळे झेलले आणि १९११मध्ये तिथंच अवघ्या १६ खाटांचं रुग्णालय सुरू झालं.

त्या काळी पालिकेच्या दवाखान्यात लोक ताप, पटकी, क्षय घेऊन येत. आता केसपेपरवर शुगर, बीपी आणि छातीतली कळ ही नावं हटकून दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची देशव्यापी पाहणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि दर दहा प्रौढांपैकी जवळजवळ चौघांचं पोट सुटलेलं आहे.

पण मधुमेह असलेले सगळे काही लठ्ठ दिसत नाहीत. खरी गोम तिथंच आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं तंतोतंत सारखं : २२.३. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! हातपाय काटकुळे, पण आत चरबी, ही आपल्याकडची ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांना तीच आढळली.

चिमटीत येते ती चरबी कातडीखालची. त्याहून घातक ती आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठणारी. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं यकृतात उतरतात. यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओतत राहतं आणि ते थकलं की रक्तातली साखर चढते. जोडीला ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं म्हणवणारं एचडीएल कोलेस्टेरॉल घटतं, रक्तदाब वर जातो. रक्तवाहिनीचं गुळगुळीत अस्तर या साऱ्यानं खराब होतं, त्यात कोलेस्टेरॉल शिरून थर बसतो. एके दिवशी त्या थराला चीर जाते, तिथं गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचं रक्त तुटतं. हाच हार्ट अटॅक.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८पासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या हृदयांची नोंद ठेवली जाते. मधुमेह असलेल्यांचं हृदय अटॅकवाचूनही कमकुवत होऊ शकतं, आणि बायकांना हा धोका पुरुषांपेक्षाही अधिक असतो, हे त्या नोंदींतून कळलं.

मधुमेहाचा आणखी एक कावा. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात आणि अटॅकची कळ कळतच नाही. दम लागतो, दरदरून घाम सुटतो, मळमळतं. घरचे म्हणतात, ॲसिडिटी झाली असेल, सोडा घ्या. अशा वेळी सोडा नव्हे, ताबडतोब ईसीजी हवा.

आता शिवणाच्या डब्यातली टेप काढा. पँटच्या मापावर विसंबू नका, कारण पोट सुटलं की पुरुष पँट पोटाखाली घालतात आणि माप तेच राहतं. टेप बेंबीच्या पातळीवर, कपड्याच्या आतून धरा. पोट आत ओढू नका, श्वास सोडून आकडा वाचा. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर. आकडा त्यापुढे असेल, तर वजनकाटा काहीही सांगो, याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या.