स्लॅब टाकण्याआधी गवंड्याशी बोला

हिवरा आश्रम काय, मेहकर काय, आपल्याकडे गावोगावी घरकुलं उभी राहत आहेत. घर पक्कं झालं, गळायचं थांबलं, ही मोठीच गोष्ट. पण मे महिन्यातल्या दुपारी त्या घरात स्वयंपाकाला, बाळंतिणीजवळ, म्हाताऱ्या सासूजवळ कोण असतं? आपणच. म्हणून आज गवंड्यांच्या शिक्षणाबद्दल बोलू या.

जुन्या धाब्याच्या घराला मातीच्या जाड भिंती असत, वर मातीचा थर असे. ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होई. आता चार-पाच इंचांचा स्लॅब. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे भिंतींपेक्षा स्लॅबच जास्त तापतो आणि ती धग रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो, वर बिल येतं ते वेगळंच.

घरात उष्णता कमी शिरावी म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली 'इको निवास संहिता' आणली. पण ती मोठ्या इमारतींसाठी. आपलं घर उभं राहतं ते गवंड्याच्या थापीवर. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण गवंड्यांना ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे. त्यात शिकता शिकता खरं घर बांधायचं असतं. ओळंबा आणि मसाल्याचं प्रमाण यांच्या जोडीला घर थंड ठेवायची कामंही तिथे हाताखालून जायला हवीत. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवलेल्या भिंती बांधल्या. पोकळीमुळे उष्णता अडते, विटाही सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात. आपल्या विदर्भातच वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती आणि कुंभारकामातून घरं बांधून दाखवली आहेत.

आणि हो, बांधकामावर घमेली वाहायला बाया चालतात, मग थापी त्यांच्या हाती का नको? प्रशिक्षणासाठी ग्रामपंचायतीत आपलंही नाव द्या. गवंडी झाली की मजुरीही वाढते.

ज्यांचं घर आत्ता बांधून होतंय, त्यांनी गवंड्याला तीन गोष्टी सांगा: खिडक्या समोरासमोर ठेवा, पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा काढा आणि स्लॅबला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. चुना धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी तो पुन्हा लावायचा. पश्चिमेला एक कडुनिंब मात्र या पावसाळ्यातच लावून टाका.