कोयनेची वीज आणि आपली घरे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



चार शब्द बोलण्याची आपली आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानतो. विषयासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. या मंडपात बसलेल्या कित्येक कुटुंबांचे मूळ गाव आज शिवाजीसागराच्या तळाशी आहे. तेव्हा विजेने कोयनेच्या खोऱ्याला काय दिले आणि त्याचे काय नेले, याचा जमाखर्च आज आपण एकत्र बसून मांडावा, असे वाटते.

कोयनामाई महाबळेश्वरी उगम पावते, दक्षिणेस वाहत हेळवाकापाशी पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. तिच्या काठी आपले वाडवडील भात, नाचणी व वरी पिकवून राहत आणि शेतीवर भागेनासे झाले की मुंबईच्या गिरणीची वाट धरीत. हेळवाक हे कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावरचे लहानसे गाव. धरणाचे काम निघाले आणि त्याच्या शेजारी कोयनानगर वसले. रोजगार आला, बाजार भरू लागला, शाळा व दवाखाना आला. डोंगरातल्या मुलाने इंजिनियर पाहिला आणि आपणही तसे व्हावे, असे त्याच्या मनात आले. हे जमेच्या बाजूस मांडलेच पाहिजे.

१०३ मीटर उंचीच्या या धरणात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. ते सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस उतरते आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरात जनित्रे फिरविते. १९६२ साली पहिली वीज निघाली. आज सर्व टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे. या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांत आपलीही मुले लागली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

आता खर्चाची बाजू. हजारो कुटुंबे उठली. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला. आपली माणसे त्यापूर्वीच बाहेर पडली होती. कोणी सांगली-सोलापुरास गेले, कोणी ठाणे, रायगड, रत्नागिरीस. काही वरच्या डोंगरावर सरकले. त्या रानाचे १९८५ साली अभयारण्य झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त केले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. धरण टिकले, घरे टिकली नाहीत.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठी हानि याहून निराळी आहे. एका खोऱ्यात नांदणारी भावकी पाच-सहा जिल्ह्यांत विखुरली. ग्रामदेवता एकीकडे, पुजारी दुसरीकडे. सोयरीक जुळविताना मूळ गाव विचारावे, तर तरुणांस त्याचे नावही ठाऊक नसते. कोणते शेत कोणाचे, हे तोंडपाठ असलेले वृद्ध एकेक करून आपल्यातून जात आहेत.

काही बंधू म्हणतात, "झाले गेले गंगेला मिळाले, जुने उकरून काय लाभ?" त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, पर्यायी जमिनीचे दावे आजही अनेक घरांत अपुरे पडून आहेत. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मागणाऱ्या नातवास, आजोबांचे घर त्या गावी होते, हे कागदानेच सिद्ध करावे लागते. गाव पाण्याखाली गेले. कागद पेटीत कुजून जाऊ नये.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. भूसंपादनाची नोटीस, जुना सातबारा, मोबदल्याची पावती, जे काही ज्याच्या घरी असेल, त्याची प्रत त्याने मंडळाकडे द्यावी. मूळ कागद मात्र स्वतःजवळच जपावा. प्रत्येक बुडित गावासाठी एक वही करावी. तीत घरांची नावे, वंशावळी, शेतांची नावे आणि हल्लीचे पत्ते वृद्धांना विचारून लिहावेत. हे काम शिकलेल्या मुलामुलींनी याच वर्षी हाती घ्यावे. कारण सांगणारी माणसे पुढील वर्षाची वाट पाहतीलच, असे नाही.

वीज ही राष्ट्राची संपत्ति आहे आणि तिच्यासाठी आपल्या वाडवडिलांनी दिलेली भूमी हेही मोठे दान आहे. त्या दानाची नोंद ठेवणे हे आपल्या पिढीचे कर्तव्य होय. ते आपण पार पाडाल, असा विश्वास व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.