यंत्राची तहान

वल्ही आणि शीड यांच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या होडीच्या मागील फळीवर आता एक आटोपशीर यंत्र लटकलेले दिसते. १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरी ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अशा यंत्रांचा कारखाना काढला. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतर या यंत्राचा झपाट्याने प्रसार झाला. कोकणच्या खाड्यांतही त्याचा आवाज आता ओळखीचा झाला आहे. हे यंत्र नाखव्याचे श्रम वाचवते खरे. परंतु त्याच्या एका गरजेकडे दुर्लक्ष झाले, तर ते भर समुद्रात त्याला सोडून देते. ती गरज म्हणजे पाणी.

इंधन जळाले की उष्णता निर्माण होणारच. मोटारगाडीत ती घालवण्यासाठी पाण्याची टाकी आणि पंखा असतो. होडीच्या यंत्राला एवढा खटाटोप करावा लागत नाही. ते ज्या पाण्यावर चालते तेच पाणी ते पिते. पाण्यात बुडालेल्या पायाला चाळणीसारखी छिद्रे असतात. तेथून पाणी आत येते, पंप ते वर चढवतो, सिलिंडरभोवती ते फिरते आणि धुराबरोबर बाहेर पडते. त्यातील थोडे पाणी यंत्राच्या बाजूने बारीक धारेच्या रूपाने बाहेर येत असते. जाणता नाखवा यंत्र सुरू होताच प्रथम ही धार पाहतो.

हा पंप म्हणजे मुठीत मावेल असे रबरी चक्र. त्याला लवचीक पाती असतात. ज्या घरात ते फिरते, त्याच्या मध्यापासून चक्राचा आस जरा बाजूला असतो. त्यामुळे फिरता फिरता पाती एका अंगाला दुमडतात आणि दुसऱ्या अंगाला उलगडतात. उलगडताना दोन पात्यांमधली जागा वाढते व पाणी ओढले जाते. दुमडताना ती आकसते व पाणी नळीतून वर ढकलले जाते. ह्या पात्यांना वंगणही पाण्याचेच. म्हणून होडी कोरड्यावर असताना ‘चालते की नाही, पाहू’ म्हणून यंत्र सुरू करणे घातक ठरते. अल्पावधीतच रबर घासून तापते आणि पाती झडू लागतात. वाळू आणि गाळही त्यांना झिजवतात. पावसाळ्यात होडी महिनोन्‌महिने वर ओढून ठेवली, की दुमडलेली पाती तशीच वाकडी राहतात आणि त्यांची उसळी जाते.

धार मंदावली, तर आधी तिच्या छिद्रात बारीक तार घालून वाळू अडकली आहे काय, हे पाहावे. तरीही धार वाढली नाही, तर यंत्र बंद करून पंप उघडण्याची तयारी करावी. ठिणगीच्या प्लगची तार प्रथम काढावी, म्हणजे यंत्र अवचित सुरू होणार नाही. मग गिअरची दांडी सोडवून आणि बोल्ट काढून खालचा पाय सरळ खाली ओढावा. पंपाचे घर त्याच्या माथ्यावरच असते. चक्र उपसताना त्याला दांड्याशी जखडणारी छोटी चावी हरवू देऊ नये. आणि यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची : जुन्या चक्राची पाती मोजावीत. एखादे तुटलेले असेल, तर त्याचा तुकडा वरच्या जलमार्गात अडकलेला असू शकतो. तो शोधून काढल्याशिवाय नवे चक्र बसवणे व्यर्थ होय.

घराच्या भिंतीवर आणि खालच्या पत्र्यावर खोल ओरखडे असतील, तर तेही बदलावेत. जुन्या गास्केटवर तर भिस्त ठेवूच नये. नव्या पात्यांना साबणाचे पाणी लावून, दांडा नेहमीच्या दिशेने फिरवीत घर खाली दाबावे, म्हणजे सर्व पाती योग्य बाजूस वाकतात. पाय परत जोडताना पाण्याची नळी आपल्या जागी बसली की नाही, हे पाहावे. बोल्टांच्या जोराने पाय वर ओढू नये. शेवटी पाण्याने भरलेल्या पिंपात यंत्र चालवून धारेची खात्री करून घ्यावी.

खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढ आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात. त्या जागी तापलेले यंत्र अडून बसले, तर होडी आडवी होते आणि आतल्या माणसांना केवळ वल्ह्यांचाच आधार उरतो. असा प्रसंग येईपर्यंत जुने चक्र चालवण्यात काटकसर नाही. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करण्यापूर्वी जाळी तुणली जातात, फळ्यांच्या सांधी भरल्या जातात. त्याच तयारीत हे रबरी चक्र पाहण्याचा व गरजेप्रमाणे बदलण्याचा रिवाज घरोघरी पडावा. होडी परतण्याची वाट पाहणाऱ्या माणसांचे त्यात हित आहे.