संगणकाचा धंदा आणि आपली मुले
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात, वरळी कोळीवाडा येथे केलेले भाषण)



संगणकाच्या नोकरीत आपल्या मुलांनी यश कसे मिळवावे, यावर आम्ही बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा आहे. यशाविषयी आमचा अधिकार बेताचाच. परंतु या धंद्यात वीस वर्षांहून अधिक काळ घालविल्यामुळे चुकांविषयी मात्र आम्ही थोडे अधिकाराने बोलू शकतो.

हा धंदा आपल्या शहरास परका नाही. आज कुलाब्यास असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने देशातील आरंभीच्या संगणकांपैकी एक बांधला. तो 1960 साली चालू झाला आणि 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफरॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत अवघे 2048 शब्द मावत, आणि आज्ञावली कागदी फितीवर छिद्रे पाडून द्यावी लागे. आज एकेक आज्ञावली शेकडो माणसे वर्षानुवर्षे लिहितात, आणि त्यांतील कित्येक नोकरी सोडूनही गेलेली असतात.

आपला मुलगा रोज काहीतरी नवे निर्माण करतो, अशी घरच्यांची समजूत असते. तसे नाही. त्याचा बहुतेक दिवस दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो. आपल्या बंदरावर जाळे सांधणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. ते जाळे त्याने विणलेले असतेच असे नाही. दिसणारे भोक शिवण्याआधी तो आजूबाजूचे सूत हाताने चाचपून पाहतो, कारण कुजलेल्या सुतास घातलेला टाका पहिल्याच ओढीस तुटतो.

या कामासाठी 'गिट' नावाचे एक साधन आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 साली तयार केले. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद त्यात राहते. का बदलली, हे लिहिणाऱ्याने स्वतः लिहावयाचे असते आणि तेथेच आमची मुले आळस करतात. ही नोंद दाखविणाऱ्या आज्ञेचे नाव आहे 'ब्लेम', म्हणजे दोष देणे. नाव ठेवणाऱ्याने फार विचार केला नसावा! वस्तुतः तिचा खरा उपयोग कोणास विचारावे हे कळण्यासाठी आहे. पण नवखा मुलगा त्या नावानेच धास्तावतो.

आम्हीही धास्तावलो होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कंपनीत ग्राहकांची बिले काढण्याचे काम आमच्याकडे रात्रपाळीस होते. एके रात्री ते मध्येच अडकले. आम्ही ते पुन्हा आरंभापासून चालविले आणि हजारो ग्राहकांची दोन-दोन बिले निघाली. पहाटे तीन वाजता हे ध्यानात आले. वरिष्ठ बाईंस उठविण्याचे धैर्य झाले नाही. दहा वाजेपर्यंत आम्ही गप्प बसलो. तोवर बिले छापून टपालात पडली होती. बाई रागावल्या नाहीत. "तीनला कळविले असते, तर छपाई थांबविता आली असती," एवढेच म्हणाल्या. घरी आल्यावर वडिलांनी विचारले, "अरे, रात्री होडीत पाणी शिरलेले दिसले असते, तर तांडेलाची झोप मोडेल म्हणून सकाळपर्यंत थांबला असतास का?"

पुढे कळले की दोष आमच्या एकट्याचा नव्हता. कोणाचे बिल आधीच निघाले आहे, याची नोंद ती आज्ञावली ठेवीतच नव्हती. ती नोंद घातल्यावर पुन्हा तसे घडले नाही. मी चुकलो असे कोणी म्हटल्यावाचून असे दोष उघडकीस येत नाहीत. गूगलच्या अभियंत्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, माणसास दोष न लावता बिघाडाची चिकित्सा कशी करावी, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. सर्वच कचेऱ्यांत ही रीत आली आहे असे मात्र नाही. चुकलेल्यास सर्वांदेखत झाडणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले.

आईवडिलांस एक विनंती. 2020 च्या मार्चअखेर हा कोळीवाडा बंद झाला, तेव्हा एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि कचेरी चाललेली आपण पाहिली. मुलाचा कामावरील आवाज तेव्हा प्रथमच घरच्यांच्या कानी पडला. तो आवाज घाबरा वाटला तर "नोकरी सांभाळ, गप्प बस" असे सांगू नका. साहेबास आताच कळव, म्हणून सांगा.

पुढील महिन्यापासून पहिल्या रविवारी सायंकाळी आम्ही याच सभागृहात बसणार आहोत. मुलामुलींनी येताना आपले अडलेले काम घेऊन यावे. सुरळीत चालणारे घरी ठेवले तरी हरकत नाही.