पांझरेकाठी आपले स्वागत

जळगावहून पहाटेच निघून आलेली प्राध्यापक मंडळी आणि डॉक्टर बंधुभगिनींनो,

१८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे खानदेशचे ठाणे केले आणि सरळ रस्त्यांची पेठ आखली. रस्ते अजून सरळ आहेत, वाहने मात्र नाहीत. त्यात अडकून ज्यांचा चहा हुकला त्यांनी क्षमा करावी. १९३२ मध्ये इथल्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत, हे आपण जाणताच.

पण मला बोलायचे आहे ते इतिहासाचार्य राजवाड्यांविषयी. वाड्यांच्या माळ्यांवर कुजणाऱ्या दफ्तरांसाठी या माणसाने आयुष्यभर पायपीट केली. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी देह ठेवला. पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ते ज्यांनी जपले त्या भास्कर वामन भटांचे नाव आज आमच्याच चौकात कोणाला सांगता येत नाही, ही धुळेकरांना शरमेची गोष्ट आहे. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा. त्याच वर्षी बर्लिनच्या कार्ल बेंडाने आपल्या परिषदेचा विषय असलेल्या मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे तंतुकणिकांचे, नामकरण केले. आमचे चिटणीस याला योगायोग म्हणतात. म्हणोत.

मी वकील माणूस. विषय विचारून घेतला तेव्हा समजले ते असे : तांबडी पेशी पक्व होताना आपल्या तंतुकणिका टाकून देते, म्हणून इथली चर्चा पांढऱ्या पेशींची आणि प्लेटलेटची. आमवातात, म्हणजे आपल्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, या पेशींचा ऊर्जेचा हिशेब बिघडतो. पेशीबाहेर पडलेल्या तंतुकणिका सांध्यात दाह वाढवतात. भिगवणला १९९६ मध्ये झालेल्या पाहणीत हजार प्रौढांमागे असे सुमारे पाच रुग्ण आढळले. त्यातही हा आजार बायकांना अधिक. आमच्याकडे कापूस वेचणारीची बोटे सकाळी वळेनाशी झाली की ती कामाला दोष देते आणि मलम चोळत बसते. ती डॉक्टरांकडे येते तोवर बोटे वाकडी झालेली असतात.

आता व्यवस्थेविषयी. लग्नसराईमुळे खोल्या कमी पडल्या. काही पाहुण्यांना मंगल कार्यालयात उतरवावे लागले आणि तिथे गरम पाणी वेळेवर पोचले नाही. पडद्यावरची अक्षरे मागच्यांना दिसत नाहीत, तेही कळले आहे. मंडप, जनरेटर, जळगावची केळी, आजच्या भरिताची वांगी आणि कळण्याच्या भाकरीचे पीठ ज्यांनी दिले, त्यांनी नावे न घेण्याची अट घातली आहे. एका व्यापाऱ्याने तर पावतीही घेतली नाही. खजिनदार अजून त्यांच्या मागे आहेत. वाढपी मुले महाविद्यालयाची आहेत, त्यांच्यावर रागावू नये.

सायंकाळच्या सत्रानंतर राजवाडे मंडळात जाण्यासाठी प्रवेशद्वाराशी दोन बस उभ्या असतील. कृपया त्या रिकाम्या पाठवू नका.