मोटर आणि माझा राग

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



बँकेत असताना कॅश जुळल्याशिवाय मी कधी घरी गेलो नाही. रागाचा हिशेब मात्र कधी ठेवला नाही. धारणीचा उन्हाळा तुम्ही जाणताच. मागच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरचे भाऊ मोटर बंद करायला विसरले, टाकी वाहिली आणि मी जिन्यात सर्वांदेखत त्यांना नको ते बोललो. तेव्हापासून बोलणं बंद. ते समोरच बसले आहेत.

दिवाळीनंतर मी इगतपुरीच्या धम्मगिरीला गेलो. सत्यनारायण गोयंकांची विपश्यना तिथे 1976 पासून शिकवतात. दहा दिवस मुक्काम, मौन, पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा! पळून यावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तिथेच कळलं, राग तोंडात यायच्या आधी कानशिलात येतो.

अमेरिकेत सारा लाझर यांनी 2005 मध्ये अशाच साधनेच्या वीस जुन्या साधकांचे मेंदू एमआरआयवर पाहिले. शरीरातल्या संवेदना टिपणारा भाग इतरांपेक्षा जाड आढळला. 2022 च्या एका अभ्यासात मात्र आठ आठवड्यांच्या वर्गाने मेंदूच्या रचनेत फरक दिसला नाही. थोडक्यात, हे रिकरिंग खातं आहे, लॉटरी नाही.

परवा टाकी पुन्हा वाहत होती. कानशिलं तापली. जिन्यात थांबलो, चार श्वास पाहिले, वर जाऊन बेल वाजवली. म्हटलं, "भाऊ, मोटर चालूच राहिली वाटते."

ते म्हणाले, "या ना साहेब, चहा होऊन राहिला."