धंदा, जात आणि पंचेचाळीस दिवस

(बेंगळुरूत मराठी बोलणाऱ्या लहान उद्योजकांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



तुम्ही मला विषय दिलात ‘उद्योजकांसाठी नेतृत्व आणि आत्मविकास’. मी कर सल्लागार आहे. पीण्यातल्या आणि राजाजीनगरच्या छोट्या युनिटांचे हिशेब बघते. टर्निंग, फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग, दोन-चार कँटीनवाले, एक-दोन साफसफाईचे कंत्राटदार. म्हणजे मी माणसाचा विकास बघते तो त्याच्या येणी-देणीच्या यादीत. त्यामुळे प्रेरणा वगैरेची अपेक्षा ठेवून कोणी आलं असेल, तर जेवण चांगलं आहे, तेवढं नक्की मिळेल.

या शहरात नेतृत्व शिकवणं हा स्वतःच एक मोठा धंदा आहे. हॉटेलचा हॉल, गळ्यात ओळखपत्र, आणि स्टेजवर कानाला माइक लावलेला माणूस. तो सांगतो की तुमची मानसिकता बदला, ओळखी वाढवा, मोठा विचार करा. तुमच्यातले बरेच जण अशा शिबिरांना पैसे भरून जाऊन आलेत, कारण ती पावती मीच खर्चात टाकलेली असते. त्यातलं सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. वेळेवर उठावं, दिलेला शब्द पाळावा, हे कोणीही सांगितलं तरी खरंच आहे. माझी अडचण वेगळी आहे. त्या हॉलमध्ये गृहीत धरलेला जो मालक असतो, त्याला जात नसते.

आता ‘ओळखी वाढवा’ हाच सल्ला घ्या. प्रतीक राज, थॉमस रूले आणि हरी बापूजी या तिघांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले राज इथलेच, बेंगळुरूच्या आयआयएममधले. त्यांनी देशभराच्या घरोघरच्या सर्वेक्षणाचे आकडे घेऊन दलित व्यवसायमालकांचं उत्पन्न इतरांशी ताडून पाहिलं. शिक्षण, जमीन, शहर-गाव असे सगळे फरक वजा केल्यावरही सुमारे सोळा टक्क्यांची तफावत उरली. आणि ओळखीपाळखीचा जो फायदा इतरांना होतो, तो दलितांना तेवढा होत नाही, असंही त्यांना दिसलं. म्हणजे शिबिरातला सर्वात लाडका सल्ला आपल्या बाबतीत अर्ध्यावरच गळतो. ओळख वाढली की समोरच्याला आपलं आडनावही कळतं ना!

आणि ओळखी वाढवायच्या तरी कोणाशी? २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त एक अभ्यास आला होता. देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर कोण बसलंय, ते त्यांनी मोजलं. नव्वद टक्क्यांहून जास्त जागांवर उच्च जाती होत्या, आणि त्यातही जवळजवळ सगळे ब्राह्मण आणि वैश्य. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. त्या टेबलाभोवती बसलेल्यांना ओळखी ‘वाढवाव्या’ लागत नाहीत. त्या लग्नातच होतात.

(जाता जाता एक. या शहरात उद्योगावरचं भाषण सर विश्वेश्वरय्यांचं नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही. घ्यावं, माणूस मोठा होता. पण मागास वर्गांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून म्हैसूरच्या महाराजांनी १९१८ साली मिलर समिती नेमली, त्या धोरणाशी मतभेद होऊन विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडलं, हेही त्याच माणसाचं चरित्र आहे. ते मात्र स्टेजवर कधी येत नाही.)

आपल्याकडे व्यवसायमालकाचं उदाहरण म्हणून कोणाला घ्यावं? मी बाबासाहेबांपासून सुरुवात करते, कारण हा प्रसंग आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतो. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, बडोद्याहून अपमानित होऊन मुंबईला परततो आणि शेअर आणि रोख्यांवर सल्ला देणारी छोटी पेढी काढतो. गिऱ्हाइकं येऊ लागतात. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती गिऱ्हाइकं यायची थांबतात आणि पेढी बंद होते. पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आता त्या माइकवाल्या गुरुजींना विचारा, या माणसाने आत्मविकासात कुठे कमी केली होती? त्या काळात मुंबईत त्याच्याइतका पैशाचं शास्त्र शिकलेला माणूस शोधावा लागला असता. कौशल्य होतं, मेहनत होती. बाजार मात्र जातीचा होता.

दुसरं उदाहरण जोतिरावांचं. महात्मा फुले म्हटलं की शाळा, विहीर, सत्यशोधक समाज आठवतो. ते ठेकेदार होते, हे आपण घाईघाईत सांगून टाकतो. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी ते जोडलेले होते. खडकवासला धरण, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांच्या ठेकेदारीचं नाव येतं. छापखान्याचे खिळे पाडायच्या साहित्याची एजन्सीही त्यांच्याकडे होती. १८८२ मध्ये त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा सहीखाली स्वतःची ओळख काय लिहिली? समाजसुधारक नाही लिहिलं. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, असं लिहिलं. आणि त्या निवेदनात मुद्दा काय मांडला, तर सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. हा हिशेब आहे. जमेची बाजू कोणाची, खर्चाची बाजू कोणाची, हे वही उघडून दाखवणं आहे. इंजिनीअर खात्यातले कारकून कुठे हात मारतात, हे त्यांनी लिहिलं, ते ठेकेदार म्हणून त्या खात्याच्या दारात उभं राहिल्यामुळे त्यांना ठाऊक होतं. मला विचाराल तर आपल्यासाठी नेतृत्वाचा पहिला धडा तिथे आहे. वही वाचता आली पाहिजे, स्वतःची आणि समोरच्याचीही.

म्हणून आता वहीकडे येते.

तुमच्यापैकी बहुतेकांचा धंदा तोट्यात नसतो, तो अडकलेला असतो. समजा, मोठ्या कंपनीकडे आठ लाखांचं बिल पाच महिने पडून आहे. पगार तर थांबत नाहीत, मग खाजगीत महिन्याला दोन टक्क्यांनी पैसे उचलले. महिन्याला सोळा हजार, पाच महिन्यांचे ऐंशी हजार. त्या जॉबमध्ये नफा होता साठ हजार. म्हणजे काम केलंत तुम्ही, आणि वर वीस हजार देऊन त्या कंपनीला बिनव्याजी कर्जही दिलंत तुम्हीच. ज्याच्या काकाची पतपेढी आहे, ज्याच्या सासऱ्याने घर तारण ठेवलंय, तो पाच महिने तगतो. आपल्या मागे असं कोणी नसतं. जात खेळत्या भांडवलात अशी दिसते.

याला कायदा आहे. २००६ चा एमएसएमई विकास कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करारात काहीही लिहिलं असलं तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावं लागतं. करारच नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ धरून व्याज. आणि एक बारीक पण मोलाची गोष्ट: मालात खोट आहे असं खरेदीदाराला म्हणायचं असेल, तर ते पोच झाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावं लागतं. नाहीतर माल पोचला तोच स्वीकारल्याचा दिवस धरतात. तिसऱ्या महिन्यात पैसे मागायला गेल्यावर ‘तुमच्या लॉटमध्ये रिजेक्शन होतं’ असं जे सांगतात ना, त्यावर हे उत्तर. पण त्यासाठी डिलिव्हरी चलनावर तारखेसकट शिक्का-सही हवी, आणि उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी. आधी भांडण आणि मग नोंदणी, असं चालत नाही.

१ एप्रिल २०२४ पासून आयकराचाही एक चिमटा आला. ठरलेल्या मुदतीत तुमचं बिल दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. त्यामुळे मार्च महिन्यात साहेबाला फोन करू नका, त्यांच्या अकाउंटंटला मेल करा. तो लवकर हलतो. आणि तरीही नाही हलला, तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. तिथला निकाल कायद्यात म्हटल्याप्रमाणे नव्वद दिवसांत लागतो असं मी सांगणार नाही, वेळ जातोच. पण निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी पंच्याहत्तर टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून नोटिशीला वजन असतं.

‘मॅडम, नोटीस दिली तर पुढचं काम जाईल.’ हे मी दर आठवड्याला ऐकते, आणि ही भीती खोटी नाही. म्हणून मी म्हणते, एका गिऱ्हाइकावर निम्म्याहून जास्त धंदा ठेवू नका. ज्याचं एकच गिऱ्हाइक आहे तो मालक नसतो. स्वतःची मशीन घेऊन आलेला मजूर असतो तो.

आता नावाचा विषय. बाहेर भिंतीवर लक्ष्मीचा फोटो आणि आत केबिनच्या कपाटात बाबासाहेब, अशी युनिटं मी पाहिली आहेत. मी कोणाला हसत नाही. ज्याला हप्ते भरायचे आहेत, त्याला भिंतीवर काय लावायचं हे मी कोण सांगणार? पण लपवण्याचीही किंमत असते, ती मोजा. केंद्र सरकारच्या उपक्रमांनी, म्हणजे याच शहरातल्या एचएएल, बीईएल, बीईएमएल अशांनी, वार्षिक खरेदीच्या पंचवीस टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायची असते, आणि त्यातले चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून. २०१२ चा आदेश आहे. बयाणा रक्कम माफ असते, आणि तुमचा दर सर्वात कमी दरापेक्षा पंधरा टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला येऊन कामाचा वाटा घेता येतो. प्रत्यक्ष खरेदी त्या चार टक्क्यांच्या खूप खाली राहते. ते म्हणतात, पुरवठादारच मिळत नाहीत. मिळणार कसे, आपण फॉर्मवर ‘जनरल’ टिचकी मारून मोकळे होतो.

याचीच दुसरी बाजू जास्त वाईट आहे, आणि ती बोलायलाच मी आज आले. कर्नाटकात सरकारी बांधकामांच्या कंत्राटांत अनुसूचित जातींना १७.१५ टक्के आणि जमातींना ६.९५ टक्के कामं राखीव आहेत. आधी पन्नास लाखांपर्यंतची कामं होती, २०२३ मध्ये मर्यादा एक कोटी झाली. लढून मिळालेली गोष्ट आहे ही. आणि त्यात काय चालतं? लायसन्स तुमचं, टेंडर तुमच्या नावावर, काम करतो दुसराच. तुम्हाला दोन-तीन टक्के घरबसल्या. माझ्यासमोर बसून एकाने सांगितलं, ‘मॅडम, आपलं काय जातंय?’

काय जातंय ते मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. जीएसटी नंबर तुमचा, म्हणजे न भरलेला कर आणि दंड तुमच्यावर. कामगारांचा पीएफ, ईएसआय बुडवला तर नोटीस तुमच्या पत्त्यावर. रस्ता वर्षभरात उखडला तर काळ्या यादीत नाव तुमचं. मचाणावरून कोणी पडून मेलं, तर पोलिस येणार तुमच्या दारात. एक कोटीच्या कामाचे दोन लाख घेऊन एक कोटीची जोखीम तुम्ही घरी नेलीत. आणि ज्याने काम केलं त्याला मिळाला अनुभव, यंत्रं आणि नफा. दहा वर्षांनी तो आणखी मोठा, तुम्ही तिथेच, आणि वर्तमानपत्रात बातमी की राखीव कंत्राटांचा उपयोग होत नाही, बंद करा. गावात पूर्वी आपल्याकडून श्रम घ्यायचे आणि नाव त्यांचं असायचं. इथे नाव घेतात आणि बाकी सगळं त्यांचं. सबकॉन्ट्रॅक्ट घ्या, भागीदारी करा, लहान काम घ्या. पण नाव भाड्याने देऊ नका.

शेवटचं, आणि हे ऐकताना काहींना मी आवडणार नाही. आपल्यापैकी काही जण आता पन्नास-साठ माणसांना काम देतात. साफसफाईच्या कंत्राटात ती माणसं कोणत्या जातीची असतात, हे मी सांगायला नको. हजेरीपटावर किमान वेतन आणि हातात त्याच्या दोन हजार कमी, हे मला बँक स्टेटमेंटवरून कळतं. मालक म्हणतो, सगळेच करतात, नाहीतर दर परवडत नाही. दर परवडत नाही, हे कधी कधी खरंही असतं. मग ते टेंडर भरू नका. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला तो त्याच काळातल्या कामामुळे. कल्पना सरोज यांनी बुडालेली कमानी ट्यूब्ज उभी केली, त्याची गोष्ट सगळे जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यात बँकांशी बसून माफ करून घेतलेले व्याज-दंड दिसतात, आणि कामगारांचे थकलेले पगार चुकते केलेले दिसतात. बाहेर आपल्याला कोणी पंचेचाळीस दिवसांत पैसे देत नाही म्हणून आपण चिडतो. आपल्याकडच्या बाईचा ओव्हरटाइम किती दिवसांनी देतो, हेही त्याच वहीत लिहिलेलं असतं.

जेवणानंतर मी मागच्या टेबलाशी बसते आहे. ज्यांची बिलं पंचेचाळीस दिवसांच्या वर अडकली आहेत, त्यांनी उद्यमचा कागद, पीओ आणि चलनं घेऊन यावं. चलनावर सही नसेल तरी या, मेल आणि व्हॉट्सअॅपवरून काय निघतं ते बघू. आणि ज्यांनी लायसन्स कोणाला दिलेलं आहे, त्यांनी सगळे गेल्यावर आलात तरी चालेल. मी साडेपाचपर्यंत आहे.

जय भीम, जय जोती.